सर्व्हरपर्यंत पोहोचलेली वीज पुढे काय करते?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या एमआयडीसी पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. एकेकाळी हा पट्टा रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आता तिथल्या कित्येक भूखंडांवर डेटा सेंटर आहेत, म्हणजे हजारो सर्व्हर (इंटरनेटवरची कामं करणारे, सतत चालू असणारे संगणक) ठेवलेल्या इमारती. भारतातल्या डेटा सेंटरांची जवळपास निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबई परिसरात एकवटली आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत आणि इथली वीज देशातल्या इतर शहरांच्या मानाने कमी वेळा जाते. आपण यूपीआयने चहाचे पैसे देतो, रेल्वेचं तिकीट काढतो किंवा मालिकेचा भाग मोबाइलवर पाहतो, तेव्हा त्यातलं बरंचसं काम अशाच कुठल्यातरी इमारतीत होत असतं.

या इमारती वीज किती खातात? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या ती साधारण दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटी युनिटांच्या आसपास जाईल, असंही ही संस्था म्हणते. जगाच्या पातळीवर दीड टक्का थोडा वाटतो, पण डेटा सेंटर जगभर सारखी पसरलेली नसतात. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजल्या गेलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांत गेली, म्हणजे देशातल्या शहरी घरांच्या एकत्रित वापराहूनही जास्त. मुंबई परिसरातली गर्दी पाहता आपल्यालाही हा विषय मनावर घ्यायला हवा. शिवाय भारतात तयार होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज अजून कोळशातून येते, त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक युनिटामागे कुठेतरी कोळसा जळलेला असतो.

ही वीज वाचवायचे बरेच उपाय माहीत आहेत आणि त्यातले काही तर अगदी स्वस्त आहेत. ते समजून घ्यायचे तर वीज इमारतीत शिरल्यापासून तिचं काय काय होतं ते क्रमाने पाहू.

आत येतानाच थोडी गळती

डेटा सेंटरला उच्च दाबाची वीज मिळते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो आणि त्यात एक-दोन टक्के वीज उष्णता होऊन जाते. पुढे येतो यूपीएस. वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंतचे काही सेकंद सर्व्हर बंद पडू नयेत, हे त्याचं काम. नेहमीच्या पद्धतीत तो आलेल्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतो, बॅटरी भरलेली ठेवतो आणि डीसीची पुन्हा एसी करून पुढे पाठवतो. दोनदा रूपांतर म्हणजे दोनदा तोटा.

चांगल्या भारावर आधुनिक यूपीएस ९५-९७ टक्के वीज पुढे पोहोचवतो. गोम आहे ती ‘चांगल्या भारावर’ या शब्दांत. डेटा सेंटरमध्ये प्रत्येक गोष्ट जादा ठेवलेली असते. एक यूपीएस बंद पडला तर दुसऱ्याने संपूर्ण भार घ्यायचा, म्हणून एरवी दोन्ही निम्म्याहून कमी भारावर चालतात. त्यात इमारत अर्धीच भरलेली असेल तर प्रत्येकावर २०-२५ टक्केच भार येतो, आणि इतक्या कमी भारावर जुन्या यूपीएसची कार्यक्षमता बरीच घसरते. हिशेब करून पाहू. सर्व्हरांना १ मेगावॅट वीज लागते आणि यूपीएस ९६ ऐवजी ९२ टक्क्यांवर चालतो आहे. सुमारे ४५ किलोवॅटचा फरक पडला. वर्षभरात ते ३.९ लाख युनिट होतात, आणि ही वाया गेलेली वीज उष्णता होऊन खोलीत उतरते, ती बाहेर काढायला वेगळी वीज लागते. म्हणून मोठं यूपीएस एकदम न घेता छोटी मॉड्यूल घ्यायची आणि भार वाढेल तशी एकेक वाढवायची, ही पद्धत आता रूढ होत आहे. ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण त्यात भरवशाशी तडजोड करावी लागत नाही.

सर्व्हरच्या आतही हीच कहाणी आहे. तिथला पॉवर सप्लाय एसीची १२ व्होल्ट डीसी करतो आणि बोर्डावरचे छोटे रेग्युलेटर ती साधारण १ व्होल्टपर्यंत खाली आणून चिपला देतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होतेच.

उष्णता बाहेर काढायचा खर्च

सर्व्हरने वापरलेली वीज शेवटी पूर्णपणे उष्णता बनते. पंख्याची वीज हवा हलवते, बल्बची उजेड देते. चिपच्या विजेचं असं दुसरं कुठलंच रूप मागे उरत नाही. १ मेगावॅट वीज आत गेली की १ मेगावॅट उष्णता बाहेर काढावीच लागते. यात किती वीज खर्च करायची हे मात्र आपल्या हातात असतं, आणि गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी बचत इथेच झाली आहे.

पहिला उपाय आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. पूर्वी सगळे रॅक, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायची उंच कपाटं, वर्गातल्या बाकांसारखे एकाच दिशेला तोंड करून उभे असत, त्यामुळे पुढच्या रांगेची गरम हवा थेट मागच्या रांगेच्या तोंडात जायची. १९९२ च्या सुमारास आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी रांगा समोरासमोर ठेवायची पद्धत मांडली. दोन रांगांची तोंडं एका गल्लीकडे, पाठी दुसऱ्या गल्लीकडे. झाली एक गल्ली थंड, एक गरम. पुढे या गल्ल्यांना दारं आणि छत बसवून हवा मिसळणंच बंद केलं गेलं. रॅकमधल्या रिकाम्या खणांतूनही गरम हवा वळसा घालून पुढे येते, म्हणून तिथे ब्लँकिंग पॅनल, म्हणजे साधी प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची झाकणं लावतात. ही झाकणं फार स्वस्त असतात, तरी असंख्य ठिकाणी ती नसतात. वरचेवर नवे सर्व्हर बसवताना कुणीतरी काढून ठेवलेली असतात आणि पुन्हा लावायचं राहून गेलेलं असतं.

दुसरा उपाय तापमानाचा. सर्व्हर रूम म्हटलं की अंगात स्वेटर घालून जायची खोली, ही समजूत अजून पक्की आहे. वातानुकूलन क्षेत्रातली ‘अॅश्रे’ ही अमेरिकी संस्था सर्व्हरसाठी योग्य तापमान किती याची शिफारस करते. २००४ मध्ये तिने २० ते २५ अंश सांगितले होते. २००८ मध्ये ती मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत रुंदावली, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी मिळून हे ठरवलं होतं. म्हणजे सर्व्हरच्या तोंडाशी २५-२६ अंशांची हवा येत असेल तर काळजीचं कारण नाही. आपल्याइतक्याच दमट सिंगापूरने २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातल्या डेटा सेंटरांसाठी मानक काढलं आणि तापमान हळूहळू २६ अंशांवर आणि त्यापुढे न्यायला सांगितलं. प्रत्येक अंशामागे थंडाव्याच्या विजेत २ ते ५ टक्के बचत होते, असा त्यांचा हिशेब आहे.

तापमान वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. हवा गरम झाली की सर्व्हरच्या आतले छोटे पंखे जोरात फिरू लागतात. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग २० टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्मी लागते, आणि वेग वाढवला तर तितक्याच झपाट्याने ती चढते. त्यामुळे एका मर्यादेपुढे एसीची वाचलेली वीज सर्व्हरचे पंखेच खाऊन टाकतात. ही मर्यादा प्रत्येक ठिकाणी मोजूनच ठरवावी लागते. याच घनाच्या नियमाचा फायदा खोलीतल्या मोठ्या एसींना मात्र छान होतो. जादा म्हणून ठेवलेली यंत्रं बंद ठेवण्यापेक्षा सगळी यंत्रं कमी वेगाने चालवली तर तेवढीच हवा बऱ्याच कमी विजेत मिळते.

तिसरा उपाय बाहेरच्या हवामानाचा. फेसबुकने २०१३ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या लुलियो इथे, आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ, डेटा सेंटर सुरू केलं, कारण तिथे वर्षातला बहुतेक काळ बाहेरची हवाच पुरते. गूगलने फिनलंडमधल्या हामिना इथे कागदाची जुनी गिरणी घेतली आणि फिनलंडच्या आखाताचं थंड पाणी वापरलं. नवी मुंबईला हे जमणार नाही. मे महिन्याच्या रात्रीही तिथली हवा पुरेशी गार होत नाही, आणि दमटपणामुळे पाण्याचं बाष्पीभवन करून थंडावा मिळवायची युक्तीही अर्धवटच चालते, कारण हवेत आधीच वाफ भरलेली असते. घाटावर चित्र वेगळं आहे. पुणे-नाशिककडे हिवाळ्यातल्या रात्री कोरड्या आणि गार असतात, त्यामुळे चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारी मोठी यंत्रं) बंद ठेवून बाहेरच्या हवेवर भागवता येतील असे बरेच तास तिथे मिळतात. जागा निवडताना जमिनीचा भाव आणि केबलचं अंतर यांच्याबरोबर हे तासही मोजले पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

इथे पाण्याचा हिशेब टाळून चालणार नाही. १ लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट उष्णता निघून जाते. म्हणजे १ मेगावॅट उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायची तर दिवसाला ३५ हजार लिटर पाणी हवं, दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. शेकडो मेगावॅटच्या संकुलाला हे प्रमाण लावून पाहा. बाष्पीभवनाने वीज वाचते, पाणी जातं. कोरड्या पद्धतीने पाणी वाचतं, वीज जाते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात ज्या तालुक्यांना टँकर लावावे लागतात, तिथे असं डेटा सेंटर आलं तर त्याने सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणीच वापरावं, ही अट पहिल्या दिवसापासून असायला हवी.

एक आकडा, त्याचं यश आणि त्याचा आंधळेपणा

हे सगळं मोजायला ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघटनेने २००७ च्या सुमारास एक सोपा आकडा रूढ केला, पीयूई. इमारतीत आलेल्या एकूण विजेला सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कच्या यंत्रांना मिळालेल्या विजेने भागायचं. उत्तर २ आलं तर सर्व्हरला एक युनिट द्यायला आणखी एक युनिट वरखर्च झालं. उत्तर १ च्या जितकं जवळ तितका वरखर्च कमी.

या आकड्याने खरोखर काम केलं. ‘अपटाइम इन्स्टिट्यूट’च्या पाहणीत २००७ मध्ये सरासरी पीयूई २.५ होता. २०२४ मध्ये तो १.५६ वर आला. गूगलसारख्या कंपन्या त्याच्याही पुढे जाऊन १.१ च्या आसपास पोहोचल्या. २०१६ मध्ये गूगलने आपल्याच डीपमाइंड या एआय कंपनीच्या मशीन लर्निंगने थंडाव्याची यंत्रणा चालवून पाहिली आणि थंडाव्याच्या विजेत ४० टक्क्यांपर्यंत बचत झाल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांच्या या सुधारणांचा एकत्रित परिणाम मोठा होता. २०१० ते २०१८ या काळात जगभरातल्या डेटा सेंटरांचं काम सहापटीहून अधिक झालं, वीज मात्र सुमारे ६ टक्क्यांनीच वाढली, असं एरिक मसानेट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं. कार्यक्षमता वाढवून काही साधत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा काळ अवश्य पाहावा.

पण पीयूई सर्व्हरच्या दारापर्यंतच मोजतो. वीज सर्व्हरमध्ये शिरली की त्याच्या लेखी ती सत्कारणी लागली. सर्व्हरने तिचं काय केलं हे तो विचारत नाही, आणि माझ्या मते आजची सर्वांत मोठी उधळपट्टी तिथेच दडलेली आहे.

एक उदाहरण घेऊ. सर्व्हरांना १,००० किलोवॅट आणि वरखर्चाला ५०० किलोवॅट लागतात. एकूण १,५००, पीयूई १.५. तपासणीत कळलं की ३०० किलोवॅटचे सर्व्हर काहीच उपयोगाचं काम करत नाहीत. ते बंद केले. सर्व्हरांचा भार ७०० वर आला. थंडाव्याचा खर्चही उतरला, पण यूपीएस, दिवे, पंप यांचा काही खर्च ठरलेला असतो, म्हणून वरखर्च ४२० पर्यंतच आला असं समजू. एकूण १,१२०. तब्बल ३८० किलोवॅट वाचले, म्हणजे वर्षाला ३३ लाख युनिट. आणि पीयूई? ११२० भागिले ७००, म्हणजे १.६. अहवालात हे डेटा सेंटर आधीपेक्षा वाईट दिसेल! ज्या व्यवस्थापकाचं मूल्यमापन या एका आकड्यावर होतं, तो हे सर्व्हर बंद करायला उत्साहाने पुढे येईल का?

रिकामे सर्व्हर

गूगलमधल्या लुइझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ मध्ये हजारो सर्व्हरांचा वापर तपासला. बहुतेक सर्व्हर त्यांच्या क्षमतेच्या १० ते ५० टक्के पट्ट्यातच काम करताना दिसले. आणि सर्व्हर नुसता चालू ठेवला, काहीही काम दिलं नाही, तरी तो कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज घेत होता. रात्रीची शेवटची एसटी दोन प्रवासी घेऊन निघाली तरी डिझेल जवळजवळ भरल्या गाडीएवढंच लागतं, तसंच हे. चार अर्धवट गाड्यांचे प्रवासी एका गाडीत बसवले की तीन गाड्या डेपोतच ठेवता येतात. एका सर्व्हरवर अनेक आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले, सर्व्हर चालवायची पद्धत हेच करते. नंतरच्या सर्व्हरांनी रिकामेपणी लागणारी वीज बरीच कमी केली आहे, पण ती शून्यावर अजून कुणी आणलेली नाही.

त्याहून वाईट म्हणजे सोडून दिलेले सर्व्हर. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये सुमारे चार हजार सर्व्हरांची नोंद तपासली. त्यातल्या ३० टक्क्यांनी सहा महिन्यांत कसलंही काम केलेलं नव्हतं. प्रकल्प संपलेला असतो, तो चालवणारा माणूस दुसरीकडे गेलेला असतो आणि सर्व्हर चालूच राहतो. बंद केला आणि त्यावर कुणाचं काही महत्त्वाचं चालू निघालं तर बोल आपल्याला, या भीतीने कुणी त्याला हात लावत नाही. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपायही तंत्रज्ञानाचा नाही, नोंदवहीचा आहे: प्रत्येक सर्व्हरचा मालक कोण, काम काय आणि मुदत कधी संपते हे लिहिलेलं असलं पाहिजे. मालकाने मुदतीत उत्तर दिलं नाही तर आधी नेटवर्क तोडायचं, महिनाभर वाट पाहायची आणि मग वीज काढायची.

मुंबई परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथली बरीच डेटा सेंटर भाड्याच्या तत्त्वावर चालतात. इमारत, वीज आणि थंडावा एका कंपनीचा, आतले सर्व्हर भाडेकरूंचे: बँका, विमा कंपन्या, क्लाउड कंपन्या (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या). मालकाला भाडेकरूच्या सर्व्हरवर काय चाललंय ते दिसत नाही, दिसूही नये. भाडेकरूंपैकी अनेक जण ठरावीक किलोवॅटचे पैसे आगाऊ भरतात, त्यामुळे वीज वाचवून त्यांचं बिल फारसं उतरत नाही. ज्याच्या हातात बटण आहे त्याचा फायदा नाही, ज्याचा फायदा आहे त्याच्या हातात बटण नाही. प्रत्येक रॅकला वेगळा मीटर आणि प्रत्यक्ष वापराप्रमाणे बिल, एवढं झालं तरी भाडेकरू स्वतःहून रिकामे सर्व्हर शोधू लागतात.

एआयमुळे काय बदललं

२०१८ पर्यंत आटोक्यात असलेला वीजवापर आता उसळला आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अहवालानुसार तिथल्या डेटा सेंटरांनी २०१४ मध्ये ५,८०० कोटी युनिट वीज घेतली होती. २०२३ मध्ये ती १७,६०० कोटी युनिट झाली, देशाच्या वापराच्या ४.४ टक्के. आधीच्या काळातली सोपी बचत, म्हणजे जुन्या सर्व्हर रूममधून मोठ्या डेटा सेंटरांत काम हलवणं, बरीचशी करून झाली. दुसरीकडे एआयसाठी लागणाऱ्या चिप आल्या. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीची एच१०० ही एकच चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. नेहमीचा रॅक ५ ते ८ किलोवॅटचा असतो. याच कंपनीचा ७२ चिपांचा नवा रॅक १२० किलोवॅटच्या घरात जातो.

इतकी उष्णता हवेने काढणं जवळपास अशक्य आहे. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेतं, म्हणून आता चिपच्या पाठीवर धातूची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून द्रव फिरवतात. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेत सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात असाच थेट द्रवाने थंडावा दिला आहे. यातला एक मुद्दा आपल्या हवामानासाठी मोलाचा आहे. चिप ७०-८० अंशांपर्यंत तापलेली चालते, त्यामुळे तिच्याकडे पाठवायचं पाणी गार असण्याची गरजच नाही, ४० अंशांचंही चालतं. जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंग इथला सुपरम्यूक महासंगणक २०१२ पासून अशाच कोमट पाण्यावर चालवला गेला. पाणी ४० अंशांचं चालत असेल तर बाहेर ३३-३४ अंश असतानाही ते नुसत्या पंख्याच्या रेडिएटरने निववता येतं. चिलर नको आणि पाण्याची वाफही नको. उत्तरेकडच्या देशांना हवामानाने फुकट दिलेली सवलत यामुळे नवी मुंबईलाही बऱ्याच अंशी मिळू शकते. इथे नवं एआय डेटा सेंटर बांधणाऱ्याने हा विचार आराखड्यातच केला पाहिजे, कारण पाइप नंतर घालणं फार महाग पडतं.

सॉफ्टवेअरची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की जेमिनी या त्यांच्या एआय मदतनिसाला विचारलेल्या मजकुराच्या एका सर्वसाधारण (मध्यक) प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज लागते, आणि आधीच्या वर्षभरात हा खर्च ३३ पटींनी कमी झाला. म्हणजे साधारण चार हजार प्रश्नांना एक युनिट. हा आकडा कंपनीने स्वतः दिलेला आहे, त्यात मॉडेल शिकवण्याची वीज धरलेली नाही आणि चित्र किंवा व्हिडिओ बनवण्याचा खर्च वेगळा. तरीही एका वर्षात ३३ पट सुधारणा केवळ नव्या चिपने होत नाही. प्रश्नाला लागेल तेवढाच मॉडेलचा भाग जागा करणं, अनेकांचे प्रश्न एकत्र हाताळणं, चिप रिकाम्या न ठेवणं, अशा गोष्टींचा त्यात मोठा वाटा आहे. प्रश्नांची संख्या किती वेगाने वाढते यावर एकूण बिल ठरेल, आणि सध्या तरी एकूण वीजवापर वाढतोच आहे.

आपण काय करू शकतो

जुने फोटो आणि ईमेल डिलीट करा, पृथ्वी वाचवा, असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात. हिशेब करू. २० टेराबाइटची हार्ड डिस्क साधारण ७ वॅट घेते. तुमच्या १० जीबी फोटोंचा त्यातला वाटा, तीन प्रती आणि थंडावा धरला तरी, वर्षाला एक अष्टमांश युनिटाच्या आसपास येतो. दीड टनाचा एसी पाच मिनिटं चालवला की तेवढी वीज जाते. फोटो खुशाल ठेवा.

खरी ताकद आहे ती हिंजवडी, खराडी, ऐरोलीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातात. आठवड्यात १६८ तास असतात. टीम त्यातले फार तर ५० तास काम करते, पण चाचणीसाठी घेतलेले क्लाउड सर्व्हर पूर्ण आठवडा चालू असतात. म्हणजे ७० टक्के वेळ ते कुणासाठीच चालत नाहीत. संध्याकाळी आपोआप बंद आणि सकाळी आपोआप चालू, अशी व्यवस्था लावणं हे एका दुपारचं काम आहे. तुमचा आभासी सर्व्हर बंद केल्याने खालचं यंत्र बंद होत नाही हे खरं, पण ती जागा दुसऱ्या कामाला मिळते आणि क्लाउड कंपनीला तेवढी नवी यंत्रं कमी लागतात. रात्री चालणारे अहवाल आणि बॅकअप घाईचे नसतील तर दुपारी सौर वीज भरपूर असताना चालवता येतात. गूगल २०२० पासून स्वतःची काही कामं अशीच सरकवते.

दुसरा मोठा गट आहे छोट्या सर्व्हर रूमचा. पतसंस्था, महाविद्यालयं, दवाखाने, नगरपालिका, कारखाने, सगळीकडे एका खोलीत दोन-तीन रॅक आणि १८ अंशांवर लावलेले दोन एसी दिसतात. मोठ्या डेटा सेंटरांच्या चर्चेत या खोल्या कुणाच्या नजरेत येत नाहीत, आणि प्रत्येक कामामागे सर्वाधिक वीज बहुधा इथेच जाते. इथे सुरुवात करायला सल्लागार लागत नाही. सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर लावा. एसीच्या रिमोटवरचा आकडा उपयोगाचा नाही. रॅकचे रिकामे खण झाका, पुढच्या आणि मागच्या हवेमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सोडा. मग दर दोन-तीन दिवसांनी एक अंश वाढवत २४-२५ पर्यंत या आणि मीटरची नोंद ठेवा. पाच-सहा वर्षं जुने चार सर्व्हर असतील तर त्यांचं काम एका नव्या सर्व्हरवर बसतं का, किंवा भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये नेता येतं का, ते तपासा. आपली वीज मुख्यतः कोळशाची असल्याने नवा सर्व्हर बनवताना झालेलं प्रदूषण धरूनही हा बदल बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो.

सरकारांनी काय करावं याचं एक ठोस उदाहरण जर्मनीने २०२३ च्या कायद्यात घालून दिलं आहे. जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या डेटा सेंटरांना १.२ चा पीयूई गाठणं आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा काही भाग पुन्हा वापरणं बंधनकारक आहे. जुन्यांना २०२७ पर्यंत १.५ आणि २०३० पर्यंत १.३ वर यायचं आहे. घरं उबदार ठेवायला उष्णता विकणं आपल्याकडे चालणार नाही आणि १.२ चा आकडा दमट किनाऱ्यावर कठीण आहे. पण महाराष्ट्रात डेटा सेंटरांना जमीन आणि करांच्या सवलती देताना चार आकडे दरवर्षी जाहीर करायला सांगणं अजिबात कठीण नाही: एकूण किती युनिट घेतले, किती पाणी आणि कुठून, पीयूई किती, आणि सर्व्हर सरासरी किती टक्के भारावर चालले. पहिले तीन आकडे इमारतीचा मालक आजच देऊ शकतो. चौथ्यासाठी भाडेकरूंना सामील करून घ्यावं लागेल, आणि सवलतीच्या करारात ते लिहायला हवं.